डाव्या अंगाची काच

आमच्या जुन्नर तालुक्यात इतिहासाला तोटा नाही. वर्गाची खिडकी उघडली की समोर शिवनेरी दिसतो. मुलांना सातवाहन शिकवायचे झाले, तर त्यांना चालत लेण्याद्रीला नेता येते. दिवाळी अंकाच्या संपादकांनाही आमच्याकडून किल्ल्यांचा, लेण्यांचा नाहीतर घाटवाटांचा इतिहासच हवा असतो, आणि आजवर मी तोच लिहिला. यंदा मात्र मी लिहिणार आहे तो ट्रकच्या खिडकीच्या काचेचा इतिहास. वाचकांनी फराळाचे ताट बाजूला सारून हसू नये. या काचेवरून गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात बापलेकांचे आठ दिवस बोलणे बंद होते.

तंट्याची हकीकत थोडक्यात अशी. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारे तात्या म्हणतो, त्यांनी चाळीस वर्षे ट्रक चालवला. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, मंचरचा भाजीपाला भरायचा आणि रात्रीतून मुंबई गाठायची, हा त्यांचा धंदा. आता त्यांनी अठ्ठ्याहत्तरी गाठली आहे आणि गाडी चालवतो तो त्यांचा मुलगा, म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ. गाडी पंधरा वर्षांहून जुनी, दरसाल पासिंगला जाणारी, पण इंजिनाने खणखणीत. तिच्या दोन्ही दारांच्या काचा हाताने हँडल फिरवून वर-खाली करायच्या. गेल्या आषाढात माळशेज घाटात पावसाची सर डाव्या खिडकीतून आत आली. भाऊ गाडीत एकटाच होता. डावी काच वर घेण्यासाठी तो उजव्या हाताने चाक धरून डावीकडे आडवा झाला, आणि त्या दोन क्षणांत गाडी रस्ता सोडून कठड्याकडे गेली. कठड्याने राखले. माल शाबूत राहिला, माणूसही.

घरी आल्यावर त्याने सांगून टाकले, "दोन्ही दारांना विजेच्या काचा बसवतो. बटण दाबलं की झालं."

तात्या म्हणाले, "काचेला बटण कशाला? डावीकडं माणूस बसव. किन्नर ठेव."

"किन्नर मिळतो कुठं, तात्या? आणि मिळाला तर भाड्यात परवडतो कुठं?"

"आम्हाला परवडला तो!"

दोघेही माझ्याकडे वळले. मला शिक्षकाची नोकरी लागल्यापासून तात्या मला नावाने हाक मारीत नाहीत. म्हणाले, "मास्तर, तू इतिहास शिकवतोस. तूच निवाडा कर." मी चार दिवसांची मुदत मागितली. त्या चार दिवसांत आणि त्यानंतर जे मला उमगले, ते येथे मांडतो.

आरंभ नाणेघाटापासून करावा लागेल, कारण आमच्या भागातील सारी वाहतूक तेथूनच सुरू होते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल याच घाटाने वर चढून जुन्नरला येई. घाटाच्या तोंडाशी असलेल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांचे आकडे कोरलेले आहेत. वर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परंपरा सांगते. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. वाहतुकीवर पोट भरणारे गाव म्हणजे काय, हे आम्हाला त्या काळापासून ठाऊक आहे. त्या बैलांच्या तांड्यांत पुढे एक माणूस चाले आणि मागे एक. अरुंद पायवाटेवर बैलाचा पाय कोठे पडतो, हे पाहण्यासाठी दोघांची गरज असे. पुढे गाडीवाटा झाल्या, तरी उतारावर चाकाला दगडाची उटी लावायला गाडीवानाबरोबर दुसरा गडी हवाच.

मग आगगाडी आली, पण आमच्याकडे आली नाही. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून लोहमार्ग सह्याद्री चढून गेला. या दोन घाटांच्या मध्ये पडलेले जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके कोरडे राहिले. त्या दोन्ही तालुक्यांत आजही रेल्वेचा रूळ नाही. आपला भाजीपाला मुंबईच्या माणसाच्या ताटात जावा असे वाटत असेल, तर रस्त्याशिवाय गती नाही. आमच्याकडे घरटी एक शेतकरी, तर आळीत एक ड्रायव्हर निघतो, त्याचे कारण या दीडशे वर्षांपूर्वीच्या लोहमार्गात आहे.

स्वातंत्र्यानंतर रस्त्याला दिवस आले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. १९५४ साली टाटांच्या टेल्को कारखान्याने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधावयास घेतले. तो करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ नंतर ट्रकच्या नाकावरची तीन टोकांची चांदणी गेली, पण खेड्यातली म्हातारी माणसे पुढे कितीतरी वर्षे त्या गाडीला 'मर्सिडीज'च म्हणत. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर कारखान्यातून डॉज आणि फारगो ट्रक निघत. १९८६ साली आपल्याच जिल्ह्यातल्या टेल्कोच्या कारखान्यातून '४०७' नावाचा लहान ट्रक बाहेर पडला आणि मळ्याच्या बांधापर्यंत जाऊन भाजी उचलू लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळात कारखान्यातून पुष्कळदा पुरा ट्रक येतच नसे. येई तो सांगाडा: चौकट, इंजिन, चाके आणि पुढचे तोंड. ड्रायव्हरची केबिन आणि मागचा हौदा हे काम बॉडी बांधणाऱ्या सुतार-लोहारांचे. लाकडाची चौकट, वर पत्रा, त्यावर फुलपाखरे, मोर आणि 'आईचा आशीर्वाद'. खिडकीला काच बसवायची की नुसता ताडपत्रीचा पडदा सोडायचा, हे मालकाच्या खिशावर ठरे. तात्यांच्या पहिल्या गाडीला डाव्या बाजूस पडदाच होता. कोटाची बटणे लावावीत तसा तो पडदा पावसात किन्नर लावून घेई.

आता काचेकडे वळू. घोड्यांच्या बंद गाड्यांना आणि आगगाडीच्या जुन्या डब्यांना काच वर घेण्यासाठी चामड्याचा पट्टा असे. पट्टा ओढायचा आणि खुंटीला अडकवायचा. पहिल्या बंद मोटारींनी तोच पट्टा उचलला. पुढे हँडल आले. ते साधे दिसते, पण त्यामागे मोठी अक्कल आहे. हँडलच्या टोकाला लहान दातेरी चाक, ते फिरवते पंख्याच्या आकाराच्या मोठ्या दातेरी पात्याला, पात्याला जोडलेल्या कात्रीसारख्या दोन भुजा, आणि त्या भुजा उचलतात काचेखालची पट्टी. लहान चाकाने मोठे पाते फिरवायचे, म्हणून वेढे अनेक लागतात, पण पोराच्या हातालाही काच उचलते. शिवाय आत एक स्प्रिंगचा चाप असतो. हाताने हँडल फिरवले की तो सैल पडतो, आणि काचेच्या वजनाने हँडल उलटे फिरू पाहिले की घट्ट आवळतो. म्हणून सोडलेली काच धाडकन खाली येत नाही. मिस्त्री लोक या सगळ्याला मिळून 'काचेची मशीन' म्हणतात.

विजेवरची काच अमेरिकेत जन्मली. १९४० साली पॅकार्ड मोटारीत ती प्रथम आली, पण तेव्हा काच उचलण्याचे काम तेलाच्या दाबाने होई; वीज फक्त पंप चालवी. १९५१ साली क्रायस्लर कंपनीच्या इंपीरिअल मोटारीत तेल गेले आणि प्रत्येक दारात स्वतंत्र विजेची मोटर आली. ती श्रीमंतांची चैन होती. आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आली, तेव्हा तिच्या काचाही हातानेच फिरवायच्या होत्या. मोटारींत बटण रुळायला पुढे बराच काळ गेला. ट्रककडे तर ते सर्वांच्या शेवटी आले, कारण ट्रकमध्ये बटणाचे काम करणारा माणूस डाव्या अंगाला आयताच बसलेला होता.

तो माणूस म्हणजे किन्नर. इंग्रजीतल्या 'क्लीनर'चे हे आमच्या रस्त्यावरचे रूप. नावाने पुसणारा, पण कामे अठरा: चाकाखाली उटी लावणे, पंक्चर काढणे, दोर आवळणे, ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून बोलत राहणे, आणि डावीकडे पाहणे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. गाडीची सारी डावी बाजू, म्हणजे सायकलवाला, बैलगाडी, रस्त्याची कड आणि घाटातला कठडा, हे त्याच्या नजरेआड असते. डावी काच खाली घेऊन डोके बाहेर काढणारा किन्नर हा ड्रायव्हरचा डावा डोळा होता.

या डोळ्याची किंमत काय मिळे, तेही लिहिले पाहिजे. १९६१ साली मोटार परिवहन कामगारांसाठी कायदा झाला. त्याने कामाचे तास दिवसाला आठ ठरवले आणि मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता. एका गाडीच्या मालकाच्या दारापर्यंत तो पोहोचत नसे. तात्यांचा किन्नर आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला, डिंभ्याच्या वरच्या एका वाडीचा. तो कामाला आला तेव्हा मिसरूडही फुटले नव्हते. पगार थोडा, जेवण, कपडे आणि ड्रायव्हर होण्याची आशा, हीच त्याची कमाई.

१९९१ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी बारा वर्षांचा होतो. मुंबई पाहण्याच्या हट्टाने मी तात्यांच्या गाडीत चढलो. त्या काळी भाजीचा घाऊक बाजार भायखळ्याला होता. तो वाशीला गेला १९९६ साली. मी तात्या आणि किन्नर यांच्या मध्ये बसलो होतो. माळशेजला पोहोचलो तेव्हा धुके असे दाटले होते की दिव्यांचा उजेड दहा पावलांवर भिंतीला आपटल्यासारखा परत येई. समोरून एक गाडी आली. वळण अरुंद, दोघांपैकी एकाने मागे सरकणे भाग होते. तात्यांनी गाडी मागे घेतली. किन्नराने काच खाली केली, अर्धे अंग बाहेर काढले आणि पत्र्यावर थाप मारू लागला. आमच्या गाडीत एक थाप म्हणजे 'येऊ द्या' आणि दोन थापा म्हणजे 'थांबा'. एक थाप, एक थाप, एक थाप, आणि एकाएकी दोन, आणि लगेच आणखी दोन. तात्यांनी ब्रेक मारला. किन्नर खाली उतरला, बॅटरी मारून पाहिले आणि पुन्हा चढला तेव्हा तोंडातून शब्द निघेना. मागचे डावे चाक भरावाच्या काठावर होते. खालची माती सुटत चालली होती. तात्यांनी गाडी हळूच पुढे घेतली, बाजूला लावली आणि तंबाखूची पुडी त्याच्यापुढे धरली. दोघेही बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या रात्री मी तात्यांचा हात थरथरताना पहिल्यांदा पाहिला.

तात्या 'डावीकडे माणूस बसव' म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ती रात्र असते. मी हे भावाला सांगितले. तो त्यावर म्हणाला ते खोटे नव्हते. "दादा, तो किन्नर आज स्वतःच्या गाडीचा मालक आहे. त्याची पोरं कॉलेजात जातात. त्यानं त्यांना किन्नर करावं का? आणि तात्यांनी त्याला तेव्हा काय पगार दिला, ते विचारा."

मी विचारले. तात्या खाली मान घालून म्हणाले, "कमीच दिला." आणि मग, "दे बसवून तुझं बटण. पण काच वर-खाली झाली म्हणजे डावीकडं बघितलं असं नाही, एवढं ध्यानात ठेव."

झाले. आळेफाट्याच्या एका गॅरेजात गाडी लावली. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन्ही रस्ते तेथे एकमेकांना छेदतात, म्हणून दोन्हीकडच्या गाड्यांचे मिस्त्री तेथे भेटतात. मीही शाळा सुटल्यावर जाऊन बसलो. भावाने स्वस्त मिळाला म्हणून मोटारगाडीचा संच आणला होता. मिस्त्रीने तो उलटसुलट करून परत दिला. मोटारगाडीची वीज १२ व्होल्टची, या ट्रकची २४ व्होल्टची; दुप्पट दाबाने ती मोटर चार दिवसांत जळाली असती. त्याने २४ व्होल्टचा संच मागवला.

मग हँडलमागची क्लिप काढून हँडल उतरवले, दाराचे आतले आवरण काढले. आत पंधरा वर्षांची धूळ, एक दहा पैशांचे नाणे आणि वाळलेला झेंडू निघाला. मिस्त्रीने आधी मोटर बसवली नाही. काच ज्या फेल्टच्या खाचेतून सरकते ती खाच त्याने बदलली. म्हणाला, "मास्तर, काच अडत असली तर माणूस जोर कमी करतो. मोटरला ते कळत नाही. ती जळते, नाहीतर तार तोडते." नंतर जुनी मशीन काढून मोटर असलेली नवी बसवली. चालू असताना अशी मोटर साधारण पाच-दहा अँपियर वीज घेते; काच अडकली की दुपटी-तिपटीने. म्हणून बॅटरीपासून जाड तार, मध्ये फ्यूज आणि रिले. तार दाराच्या बिजागरीजवळून रबरी नळीतून नेली, कारण दार उघडझाप होऊन तार तेथेच तुटते. बटणाची युक्ती मला फार आवडली: मोटरच्या दोन तारांतला प्रवाह उलटा केला की ती उलटी फिरते, एवढेच. आणि जुन्या चापाचे काम आता आतल्या मळसूत्री दात्यांवर आहे. मोटर काच हलवू शकते, काच मोटरला फिरवू शकत नाही. तोटाही आहे. बॅटरी बसली की काच असेल तेथेच राहते. हँडलला असली अडचण कधी नव्हती.

दीड दिवसात काम झाले. डाव्या काचेचे एक बटण ड्रायव्हरपाशी, एक डाव्या दारावर. मिस्त्रीने दोन गोष्टी बजावल्या. एक, बटण असे बसवले आहे की काच वर घेण्यासाठी ते उचलावे लागते, दाबून काच वर जात नाही. परदेशात खिडकीत उभ्या राहिलेल्या लेकरांचा गुडघा बटणावर पडून काचेत माना अडकल्या, तेव्हा हा शहाणपणा आला. दुसरी, गाडी उभी असताना चावी काढून घ्यायची. घरात लहान नातवंडे आहेत, म्हणून मी या दोन्ही गोष्टी येथे मुद्दाम लिहितो. गाडीत फेरफार करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची बंधने आहेत, म्हणून पासिंगच्या ठिकाणी आधी विचारून घ्यावे हे बरे. काचेला काळी फिल्म लावण्याचा भावाचा बेतही मी मोडला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच तिला मनाई केली आहे.

इतिहास येथेही थांबलेला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन असलेच पाहिजे, असा सरकारी नियम आला आहे. उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीशेजारी बारा-बारा तास बसलेल्या माणसाला तो न्यायच आहे. पण त्या गाड्यांच्या काचा बहुतेक वेळ बंद राहतील. पत्र्यावरची थाप आत ऐकू येणार नाही.

माझा निवाडा वाचकांना हवा असेल, तर तो असा: दोघेही खरे होते. चाकावरचा हात सुटता कामा नये, हे भावाचे खरे. डावीकडे कोणीतरी पाहिले पाहिजे, हे तात्यांचे खरे. बटणाने पहिली गोष्ट साधली, दुसरी नाही. म्हणून त्याच पैशांत डाव्या अंगाला एक मोठा बहिर्गोल आरसा बसवला, आणि धुक्याच्या दिवसांत माळशेज एकट्याने उतरायचा नाही, सोबत एखादा जाणता गडी पुरा रोज देऊन घ्यायचा, असे भावाने आईसमोर कबूल केले. या श्रावणात त्याने ते दोनदा पाळल्याचे मला ठाऊक आहे.

नव्या काचांच्या पहिल्या फेरीला तात्या हट्टाने डावीकडे बसले. वाशीहून परत आल्यावर मी विचारले, "कसं वाटलं, तात्या?"

"बरं आहे. घाटात दोनदा हात हँडल शोधत होता." थोड्या वेळाने म्हणाले, "धुकं नव्हतं. तरी मी बाहेर बघत होतो."

काढलेली दोन्ही हँडले भंगारात द्यावयाची होती. एक भंगारात गेले. दुसरे तात्यांनी पुसून, तेल लावून ठेवले आणि धनत्रयोदशीला त्या किन्नराच्या घरी फराळाच्या डब्याबरोबर स्वतः नेऊन दिले. बरोबर एक पाकीटही होते. त्यात किती होते, ते त्यांनी मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.